ॲडमिन बिनविरोध

आमच्या ग्रुपवर सुप्रभात म्हणायला बंदी होती. वाढदिवस, निवडीबद्दल अभिनंदन, देवांची चित्रं आणि पुढाऱ्यांची चित्रं यांनाही बंदी होती. शेवटच्या दोहोंत आमच्या भागात फारसा फरक करत नाहीत, पण तात्यांनी ती कलमं वेगवेगळी घातली होती. कुणाला पळवाट राहू नये म्हणून.

ग्रुप डाळिंबवाल्यांचा, फोनवरचा. त्यात वरकुट्याच्या शिवारातले बागायतदार, थोडे सणसरकडचे, आणि ज्यांची जमीन गावाकडं अन् पगार बारामतीत असे माझ्यासारखे काही. मी बारामतीत एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमची बाग धाकटा भाऊ बघतो. मी रविवारी बांधावर उभा राहून सूचना करतो आणि तो त्या ऐकून घेतो, इतकंच. या व्यवस्थेवर आमचे संबंध टिकून आहेत. डाळिंबातलं मला जे काही कळतं ते त्या ग्रुपवरून आलेलं आहे.

तात्या ग्रुपचे ॲडमिन. एकटेच. नोकरीत असताना ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बारामतीच्या स्टँडवर जाळीच्या खिडकीमागं बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारायचे. तो आवाज मी विद्यार्थी असल्यापासून ओळखत होतो. चेहरा मात्र ते निवृत्त होऊन गावी बाग करायला लागल्यावर पाहिला. आवाजाच्या मानानं माणूस बराच लहान निघाला. कर्ण्यावरून त्यांनी 'प्रवाशांनी सहकार्य करावे' असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. गाडी कुठली, कुठं लागली, की रद्द झाली, एवढंच.

गाडी रद्द झाली की लोक खिडकीवर धावून यायचे का, असं मी एकदा त्यांना विचारलं.

"रद्द झाल्यावर कोण येत न्हाय हो सर," ते म्हणाले. "येतीया, येतीया म्हणून बसवून ठेवलं की येत्यात."

ग्रुप त्यांनी या एकाच गोष्टीवर चालवला.

डाळिंबावर तेल्या पडतो. पानावर, फळावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग येतो, डाग काळपट होतो, आणि फळ तडकतं. पावसानं, वाऱ्यानं तो पसरतो, तसाच कात्रीनंही पसरतो. जादा फळं काढून टाकायची विरळणी असते, त्या दिवसांत बायकांची टोळी कात्र्या घेऊन आज या बागेत, उद्या त्या बागेत असते. एका बागेत रोग असला आणि कात्र्या जंतुनाशकात बुडवल्या नाहीत, तर तो टोळीबरोबर पुढच्या बागेत जातो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही तेल्या दिसला की माणूस पहिल्यांदा काय करतो, तर बागेचं फाटक लावून घेतो. व्यापारी फिरकणार नाही. पाहुण्यांत बोभाटा होईल. भावकी बांधावर येऊन हळहळेल, आणि घरी गेल्यावर तेच जेवताना चवीनं सांगेल. मुलीचं मोडलेलं लग्न लपवावं तसा आमच्याकडं तेल्या लपवतात.

तात्यांनी मोडली ती ही सवय. ग्रुप सुरू केला त्याच पावसाळ्यात त्यांच्या बागेत डाग दिसला, आणि स्टँडवर पुकारावं तसा त्यांनी मेसेज टाकला. माझ्या बागेत तेल्या. ओढ्याकडची बाजू. आज सकाळी दिसला. टोळी येऊन गेली आहे. शेजाऱ्यांनी कात्र्या बुडवून घ्याव्यात. त्याखाली कुणी काय लिहायचं याचाही नियम त्यांनी करून टाकला. आपण काय करतोय ते शेजाऱ्यांनी लिहायचं. बाकीच्यांनी वाचायचं आणि गप्प बसायचं. हात जोडायचे नाहीत, रडका चेहरा टाकायचा नाही.

त्या वर्षी लोकांनी वाचलं आणि खरोखरच गप्प बसले. पुढच्या पावसाळ्यात आणखी एकानं कळवलं, मग दुसऱ्यानं. त्यातल्या एकाच्या मेसेजखाली कुणीतरी हसरा चेहरा टाकला. मी तेव्हा तात्यांच्या ओसरीवर बसलो होतो. चेहरा काढून टाकायच्या आधी त्यांनी त्या माणसाला फोन लावला.

"तुमचं ते तोंड मी काढतोय," ते म्हणाले. "का काढतोय ते सांगाय फोन केला. उद्या तुमच्यात डाग पडला तर तुमी टाकाल का हितं? न्हाय ना. मग."

फोन ठेवून त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं. ग्रुपवर त्याबद्दल एक अक्षर नाही. मेसेज का काढला हे काढणाऱ्याला आणि ज्याचा काढला त्यालाच माहीत. अधिकार असा गुपचूप वापरणारी माणसं इतिहासात मला फार थोडी भेटली आहेत. बहुतेकांनी आधी शिलालेख खोदून घेतले.

रोग कमी झाला असं मी म्हणणार नाही. कुठं आहे ते कळत होतं, इतकं खरं. आमच्यासारख्या भागात तेही थोडं नाही.

पुढं तात्यांचे डोळे गेले. साखर जुनी होती. आधी ओळी वाकड्या दिसायला लागल्या, मग ओळींच्या मधलं पुसत गेलं. डोळ्यांत इंजेक्शनं घ्यायला ते बारामतीला यायचे आणि मी त्यांना स्टँडवरून दवाखान्यात न्यायचो. दवाखान्यात सगळे डोळ्यांत थेंब घालून मिटल्या डोळ्यांनी बसलेले असतात, त्यामुळं तिथं माणसं जरा खरं बोलतात.

"सर, मला फोन आता दिसत न्हाय," तात्या म्हणाले.

"काकू वाचून दाखवतील की."

"वाचती ती. पर कुठला ठिवायचा न् कुठला काढायचा, हे तिला कसं सांगू? उद्या म्हणतील, तात्याच्या मंडळीनं माझा मेसेज उडवला. तिला का त्यात घालू?" बराच वेळ ते थेंब पुसत राहिले. "मी गेलो तर ग्रुप ऱ्हाईल का हो?"

"ग्रुप कुठं जातोय?"

"ऱ्हाईल तसा. पर त्यात रोग टाकतील का?"

तेवढीच एक काळजी त्यांना होती. शेवटपर्यंत तेवढीच राहिली. मग म्हणाले, "तुमच्या धाकल्याला ईचारा. त्यो कमी बोलतो."

रविवारी मी भावाला विचारलं. तो ठिबकची नळी फुंकून साफ करत होता. नळी तोंडातून काढून तो "न्हाय" म्हणाला आणि पुन्हा फुंकायला लागला.

"का?"

"मला हितं ऱ्हायचंय, आण्णा."

"मग कुणी जा म्हणतंय का?"

"तू रईवारी येतो न् जातो. मला सोमवारी त्याच लोकांच्यात उठायचंय. एकाचा मेसेज काढला की त्यो चुलता निघतो. दुसऱ्याचा काढला की त्यो मेव्हण्याचा सोयरा. तात्यांचं येगळं हाय. त्यांनी उभ्या जन्मात लोकांना न्हाय म्हणायचाच पगार घेतलाय."

इतिहासाच्या माणसाकडं अशा वेळी उदाहरणं असतात, उत्तरं नसतात.

ही अडचण सोडवली शेठनी. शेठ म्हणजे सणसरला शेतीऔषधांचं दुकान असलेले गृहस्थ. बाग आमच्याच शिवारात. माणूस वाईट नाही. दिवाळीच्या पाडव्याला दुकान उघडून औषध देणारा आहे. पण त्यांना कुठलीही गोष्ट भरल्याशिवाय चैन पडत नाही. रिकामी खुर्ची दिसली की माणूस बसवतील, रिकामी भिंत दिसली की फ्लेक्स. ते म्हणाले, एकाला नेमलं की दुसरा नाराज होणार. आपण बिनविरोध करू.

बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागेल. आमच्या भागात माणूस जन्माला येतो तोच कुठल्या तरी पॅनेलमध्ये. कारखाना, सोसायटी, पतसंस्था, दूधसंघ, सगळीकडं निवडणूक, आणि निवडणुकीपेक्षा मोठी प्रतिष्ठा बिनविरोध निवडीला. बिनविरोध करायची रीत सोपी आहे. जो जो विरोध करू शकेल त्याला एकेक पद द्यायचं. शेवटी विरोध करणारा उरत नाही. काम करणाराही उरत नाही, पण सत्कार पुष्कळ होतात. हीच रीत आमच्या लोकांनी फोनमध्ये नेली. दर वाडीचा एक ॲडमिन, दर भावकीचा एक ॲडमिन, आणि त्यांच्यातला एक अध्यक्ष, तीन-तीन महिन्यांच्या मुदतीनं. म्हणजे कुणी कुणावर रुसायला नको.

इंदापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात फोनवरच्या ग्रुपची सर्वसाधारण सभा भरली. ज्यांना रोज खिशात भेटता येत होतं ती माणसं खुर्च्यांवर येऊन बसली आणि एकमेकांचे फोटो काढून तिथल्या तिथं ग्रुपवर टाकायला लागली. तात्यांना फेटा बांधला, शाल घातली. व्यासपीठामागं फ्लेक्स होता. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मागं काय लावलंय?"

"फ्लेक्स."

"कोण हाय त्याच्यावर?"

"तुम्ही आहात."

"आन्?"

"आणि बाकी सगळे."

"मी किती हाय?"

"पासपोर्टएवढे."

"मग बरं हाय," तात्या म्हणाले.

फ्लेक्सवर खालच्या ओळीत 'मार्गदर्शक' म्हणून मीही होतो. मी नको म्हणालो होतो, तो माझा विनय समजण्यात आला. भाऊ 'सहसचिव' होता. तो नवा शर्ट घालून आला होता.

तात्यांना बोलायला लावलं. माईक त्यांनी हातभर लांब धरला, फुंकून पाहिला नाही. "ॲडमिन एकच ठिवा," ते म्हणाले. "कमी बोलणारा बघा. ज्याच्यात रोग आलाय त्याला एकटं पडू देऊ नका. पर गर्दी बी करू नका." एवढं बोलून बसले. लोकांना वाटलं, प्रस्तावना झाली. मग टाळ्या पडल्या. तात्यांनी दाखवलेल्या वाटेवरूनच आपण चालायचं, असं शेठ म्हणाले आणि त्यांनी ॲडमिनांची यादी वाचायला घेतली. ती बराच वेळ चालली.

परत जाताना तात्या माझ्या गाडीत होते. फेटा मांडीवर.

"एका गाडीला दोन फलाट पुकारलं तर काय व्हतं म्हाईत हाय का सर?"

"काय?"

"लोक मधी उभी ऱ्हात्यात."

ग्रुपच्या नावाला 'परिवार' हा शब्द जोडला गेला. परिवार म्हटलं की कुणाला काही विचारायची सोय उरत नाही. पहिल्या आठवड्यात सुप्रभात आलं, आणि ते एका ॲडमिननंच टाकलं. एका ॲडमिनचं दुसऱ्या ॲडमिननं काढायचं म्हणजे भावकीत वितुष्ट. त्यामुळं ते राहिलं, आणि ते राहिलं म्हणून बाकीच्यांची सुप्रभातं आली. एका गरीब स्वभावाच्या शेतकऱ्यानं जुन्या सवयीनं आपल्या बागेतला तेल्या कळवला. त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. एकानं भावपूर्ण श्रद्धांजलीचं चित्र टाकलं. बहुधा त्याच्या बोटाखाली तेच पहिलं आलं असेल. आणखी एकानं लिहिलं, औषध वेळेवर मारलं असतं तर ही वेळ आली नसती. हा मेसेज कुणी काढला नाही. प्रत्येक ॲडमिनला वाटलं, दुसरा काढेल. कुणी फोनही केला नाही. त्यानंतर ग्रुपवर रोग आला नाही.

तात्यांकडं काकू रोज सकाळी ग्रुप वाचायच्या. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब.

"गुलाब. गुलाब. उगवता सूर्य. कुणाचा तरी नातू हाय, गुटगुटीत. गुलाब."

"आन् बागा?"

"बागंचं काय न्हाय."

"बघ नीट."

"आता गुलाबाच्या आत शिरू का?" काकू म्हणायच्या.

पावसाळ्यात अध्यक्षपदाची मुदत शेठकडं आली. ग्रुपच्या चित्रात तात्यांच्या बागेतलं डाळिंब होतं, तिथं शेठ आले, जोडलेल्या हातांनी. विरळणी सुरू झाली होती. टोळी शेठच्या बागेतून निघाली ती तात्यांच्या बागेत आली, आणि तिथून पुढं फिरत राहिली.

काही दिवसांनी, रविवारी, मी तात्यांच्या ओसरीवर पोचलो तर काकू ओंजळीत एक फळ घेऊन उभ्या होत्या.

"सर, ह्ये बघा बरं. ह्यांना दिसत न्हाय, न् माझ्या डोळ्यांचा काय भरवसा."

बघायची गरज नव्हती. मी फळ तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, डागावर थांबवला, मग देठाकडं नेला.

"तडकाय लागलंय," ते म्हणाले. "हे मला कवाच दिसलं असतं." मग फळ काकूंकडं परत देत, "लिवा."

मी लिहून घेतलं. तीच जुनी भाषा. माझ्या बागेत तेल्या. कुठली बाजू. कधी दिसला. टोळी येऊन गेली आहे. शेजाऱ्यांनी कात्र्या बुडवून घ्याव्यात. मी त्यात 'नम्र विनंती' घालायला गेलो, तर ती त्यांनी काढायला लावली. मेसेज गेला.

"काय म्हणत्यात शेजारी?"

मी वाट बघत होतो. मेसेज वर वर सरकत गेला आणि दिसेनासा झाला. खालून केक येत होते, फटाके, फुलांचे हार, उघडझाप करणारे दिवे. त्या दिवशी अध्यक्षांचा वाढदिवस होता. ॲडमिन मंडळात शुभेच्छा देण्याची चढाओढ लागली होती. मध्येच एकानं तात्यांच्या मेसेजला उत्तर दिलं होतं. मी ते पुन्हा वाचलं.

"काय हाय?"

"अभिनंदन तात्या, असं आहे."

"कशाचं?"

"वाचलं नसेल त्यानं. आज शेठचा वाढदिवस आहे. तुमचा मेसेज केकाखाली गेला."

तात्यांच्या नाकातून हवा निघाली, हसू म्हणता येईल अशी. मग ते म्हणाले, "फोन लावा."

पहिला फोन माझ्याच भावाला लावला, कारण बांध त्याचाच लागून.

"आत्ता सांगताय व्हय तात्या," तो म्हणाला. "टोळी सकाळीच शिरलीया माझ्यात."

"बाहीर काढ. कात्र्या बुडव. मग आत सोड."

"ग्रुपवर टाकायचं की वो."

"टाकलंय," तात्या म्हणाले.

सहसचिवांनीही सकाळपासून शुभेच्छाच वाचल्या असाव्यात. मग धावल्याचा आवाज आला आणि फोन कटला.

दुसऱ्या शेजाऱ्याचं म्हणणं पडलं की आजच्या दिवशी कशाला बोभाटा, अध्यक्षांना बरं वाटणार नाही. तिसऱ्यानं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "तात्या, फुटव्यावर असतंय का ओ असलं? बारकं बारकं?" त्याच्यातही तेल्या होता. तात्यांनी त्याला काय करायचं ते सांगितलं आणि 'कधीपासून' हे विचारलं नाही.

शेवटी शेठ. मागं कर्ण्यावर गाणं चाललं होतं.

"तात्या, आशीर्वाद द्या."

"आशीर्वाद हायतच. जरा ऐका. माझ्यात तेल्या आलाय. तुमची न् माझी टोळी एकच, म्हणून तुमाला पयलं सांगाय पायजे व्हतं. उशीर झाला. तुमी तुमची बाग बघून घ्या."

मी तात्यांकडं पाहिलं. टोळी शेठच्या बागेतून इकडं आली होती, इकडून तिकडं गेली नव्हती. काकूंनाही ते माहीत होतं, तात्यांनाही. तरी त्यांनी वाक्य असं ठेवलं होतं की समोरच्याला आत यायला दार राहावं.

गाण्याचा आवाज हळूहळू लांब गेला. शेठ मंडपाबाहेर चालत आले असावेत.

"तात्या," ते म्हणाले, "मला दिसलावता."

"बरं."

"टोळी यायच्या आदीच दिसलावता. पर अध्यक्षाच्याच बागंत म्हणल्यावर काय ऱ्हातंय सांगा. वर माझं औषधाचं दुकान. लोकं म्हणतील, ह्याचंच औषध ह्याला लागू पडंना. मुदत संपली की मी टाकणारच व्हतो."

"मुदत कवा संपती?"

"दसऱ्याला."

"तेल्याला म्हाईत हाय का?" तात्या म्हणाले.

मग तात्याच म्हणाले, आवाज अजिबात न चढवता, "आज टाका. वाढदिवस हाय, समदी बघाय लागल्यात. तुमी टाकलं तर बाकीची टाकतील. मी टाकून आता काय व्हत न्हाय."

"टाकतो," शेठ म्हणाले.

संध्याकाळी मेसेज आला. अध्यक्षांच्या फोटोसह. 'परिसरातील काही बागांमध्ये तेल्यासदृश लक्षणे आढळून आल्याचे समजते. परिवारातील सदस्यांनी घाबरून जाऊ नये. आपला परिवार सक्षम आहे.' कुणाच्या बागेत, कुठली बाजू, टोळी कुठं गेली, काही नाही. त्याखाली अंगठे आले. ते मोजायला मी थांबलो नाही. काकूंनी तो मेसेज वाचून दाखवला तेव्हा तात्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

"कोणती गाडी रद्द झाली ते सांगितलंच न्हाय," ते म्हणाले.

त्या पावसात तात्यांची बाग गेली. एकदा तेल्या येऊन गेलेली झाडं, त्यात मालकाला दिसत नाही. दसऱ्यानंतर ट्रॅक्टरला साखळी लावून झाडं उपटली. मी गेलो तेव्हा शेवटची ओळ निघत होती. तात्या बांधावर खुर्ची टाकून बसले होते. झाड निघताना मुळांचा आवाज आला की मान त्या दिशेला वळवायचे. "ओढ्याकडचं," असं एकदा म्हणाले. बरोबर होतं.

नंतर ओसरीवर बसलो. भाऊही आला होता. त्यानं टोळी बाहेर काढली होती, कात्र्या बुडवल्या होत्या, त्यामुळं आमचं बरंचसं वाचलं. पण दक्षिणेच्या कोपऱ्यात काही झाडांवर डाग आले होते. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. तात्यांना सांगायला तो स्वतः चालत आला. जवळ बसून, हळू आवाजात त्यानं सगळं सांगितलं, कुठली बाजू, कधी दिसला, सगळं. तात्यांनी ऐकून घेतलं.

"ग्रुपवर टाकलं का?"

भाऊ पायाच्या अंगठ्यानं ओसरीची फरशी घासत राहिला. "आताची मुदत आपल्या भावकीकडं आलीया, तात्या," तो म्हणाला.

"म्हंजे तुझ्याकडं."

"बिनविरोध."

मला ही बातमी तेव्हाच कळली. मी मार्गदर्शक होतो. समोर उपटलेल्या बागेत खड्ड्यांच्या ओळी तेवढ्या राहिल्या होत्या. काकू चष्मा कपाळावर चढवून फोन लांब धरून बसल्या, रोजच्यासारख्या.

"अभिनंदन. अभिनंदन. फेटा. अभिनंदन. ह्यो तर आपला धाकलाच हाय की, हार घातलेला. अभिनंदन. गुलाब."

"आन् बागा?" तात्यांनी विचारलं.

काकूंनी बोटानं खालपर्यंत सारलं, पुन्हा वर आणलं. "बागंचं काय न्हाय."

"म्हंजे समद्यांच्यात आलाय," तात्या म्हणाले.

भावानं खिशातून फोन काढला, त्याच्याकडं पाहिलं, आणि परत खिशात ठेवला.

"टाकतो," तो म्हणाला.

कधी, ते तात्यांनी विचारलं नाही.